छान टाकलास, ईनिड

पोर्ट कॅरोवच्या पोस्टात एका सकाळी ईनिड पास्कोने खाली वाकून फरशीवर पडलेली केसांची पिन उचलली, काउंटरवर ठेवली, आणि शेजारीच उभ्या असलेल्या जॉयस ट्रेलोरकडे ढुंकूनही न बघता ती बाहेर निघून गेली. झालं. दुपारपर्यंत गावभर बभ्रा. "पिन दिसते बाईला आणि मी दिसत नाही? एवढी मोठी मी!" असं जॉयस खाटकाच्या दुकानात म्हणाली, आणि जॉयस खरोखरच एवढी मोठी होती.

ईनिडच्या डोळ्यांचं दुखणं असं होतं की ते कोणाला समजावून सांगायला गेलं तर सोंगच वाटावं. डोळ्याच्या आतला पडदा वयाने मधोमध झिजला होता. जिथे रोखून बघावं तिथे करडा डाग यायचा आणि कडेकडेचं मात्र दिसायचं. पायाशी पडलेली पिन दिसायची, कुंपणावर बसलेला गलाह पोपट दिसायचा. माणूस समोर येऊन उभा राहिला की त्याचा चेहराच तेवढा नाहीसा व्हायचा, टोपी आणि खांदे शिल्लक. ॲडलेडच्या डॉक्टरने सांगितलं होतं की कडेचं दिसणं राहील, मधलं परत येणार नाही. मग त्याने पुढच्या पेशंटला हाक मारली.

गावाला आंधळं माणूस कसं असतं ते पक्कं ठाऊक होतं. काळा चष्मा, पांढरी काठी, जमलं तर एखादा शहाणा कुत्रा. ईनिड त्यात बसत नव्हती. तिने सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली होती, अर्ध्या गावाला लहानपणी नावानिशी हाक मारून चढवलं-उतरवलं होतं, आणि आता तीच माणसं रस्त्यात हसली तर ही दगडासारखी पुढे जायची. काहीजण म्हणाले, म्हातारपणी शिष्ट झाली. काहीजण म्हणाले, सोयीचं आंधळेपण आहे. ज्यांनी विश्वास ठेवला त्यांची तऱ्हा तर आणखी वाईट. ते तिच्याशी ओरडून बोलायचे, जणू डोळ्यांबरोबर कानही गेलेत, आणि ती समोर बसलेली असताना दुसऱ्या कोणाला तरी विचारायचे, "ईनिड चहात साखर घेते का गं?"

ज्याचं जळतं त्याला कळतं. ईनिडने हळूहळू दुकानात जायच्या वेळा बदलल्या. भर उन्हात, रस्ता ओस असताना ती पाव-दूध घेऊन यायची. घरी रेडिओ लावायची. नवरा लान्स जाऊन आठ वर्षं झाली होती. त्याची खुर्ची तिला कडेने अजून नीट दिसायची, आणि ती रिकामी आहे हेही दिसायचं. मुलगा ग्रँट पर्थहून दर रविवारी फोन करायचा. "आई, इकडे ये. वृद्धांसाठी छान घरं आहेत आमच्याजवळ. तिथे तू एकटी काय करतेस?"

"मला बुधवार असतो," ईनिड म्हणायची.

बुधवारी बोल्स असायचे. या गावात पन्नाशीनंतर माणूस एकतर बोल्सच्या हिरवळीवर जातो नाहीतर थेट दफनभूमीत, असं लान्स म्हणायचा. खेळ साधा. हिरवळीच्या त्या टोकाला जॅक नावाची छोटी पांढरी गोटी ठेवायची आणि या टोकाहून जड गोळे असे घरंगळत सोडायचे की ते तिच्याजवळ जाऊन थांबावेत. गोळा एका अंगाला मुद्दाम झुकता बनवलेला असतो, म्हणून तो सरळ न जाता वळण घेत जातो. टाकणारा इकडे, त्याच्या संघाचा कॅप्टन तिकडे जॅकपाशी. गोळा थांबला की कॅप्टन ओरडून सांगतो: एवढा कमी, एवढा डावीकडे. टाकणारा पुढचा गोळा तेवढा सुधारून टाकतो. डोळस माणसांनाही त्या टोकाचं नीट कळत नाही, तिथे कॅप्टनच्या शब्दावरच सगळं चालतं.

ईनिडची कॅप्टन होती डॉरी किट्टो. चाळीस वर्षांची मैत्रीण, तीही आता एकटीच. ईनिड एके काळी क्लबची विजेती होती; तिचं नाव आतल्या भिंतीवरच्या फळीवर सोनेरी अक्षरांत तीनदा होतं. डोळे गेले तेव्हा कमिटीने तिला शनिवारच्या सामन्यांतून काढून बुधवारच्या हलक्याफुलक्या खेळात घातलं. डॉरी म्हणाली होती, "मी आहे ना तिकडच्या टोकाला. माझा आवाज ऐक आणि टाक." ईनिडने दोन वर्षं तेच केलं. गोळा टाकायच्या छोट्या चटईवर ती उभी राहायची, पाय कडेने दिसायचे, पुढे नुसता हिरवा उजेड. हात आपोआप मागे जायचा. गोळा सुटायचा. आणि तिकडून डॉरी ओरडायची, "छान टाकलास, ईनिड! वीतभर राहिला, वीतभर!"

टाळ्या पडायच्या. ईनिडला वाटायचं, गाडी गेली, वाचन गेलं, माणसं गेली, पण हात शाबूत आहे. सामना बहुतेक वेळा ते हरायचे, पण थोडक्यात, असं डॉरी परतताना गाडीत सांगायची. सगळा आठवडा ईनिड त्या एका दुपारवर काढायची, आणि रविवारी ग्रँटला ठसक्यात "नाही" म्हणायचं बळही तिला तिथूनच मिळायचं. बुधवार गेला असता तर तिच्याजवळ पर्थला न जाण्याचं एकही कारण उरलं नसतं.

त्या बुधवारी टिकेरा गावचा संघ आला होता. आखातावरून वारा सुटला होता आणि माश्यांनी सगळ्यांना सारखाच जीव नकोसा केला होता. अर्धा खेळ झाल्यावर चहाची सुट्टी झाली.

चहाला प्रत्येक बाईने घरून एक ताट भरून आणायचं, ही तिथली रीत. रिकाम्या हाताने येणाऱ्या बाईबद्दल नंतर भांडी विसळताना काय बोललं जातं ते ईनिडला चांगलं ठाऊक होतं. ती स्वतःही पूर्वी बोलली होती. तिचा मलईचा स्पंज केक नावाजलेला होता. पण डोळ्यांचं कळल्यापासून सगळ्या एकमुखाने म्हणायच्या, "तू फक्त ये गं. ताटबीट काही नको." म्हणजे तळहाताच्या फोडासारखं जपायचं, आणि फोडाला कोणी काम सांगत नाही. ईनिड कपबशी घेऊन भिंतीशी उभी राहायची. आजही तशीच उभी होती.

"मी वॅल हॉकिंग. टिकेराची. तुमच्याविरुद्धच्या संघाची कॅप्टन," कोणीतरी समोर येऊन म्हणालं. तोंडात बहुधा पेस्टीचा, म्हणजे खिम्याच्या करंजीचा, घास होता.

आपणहून नाव सांगणारं माणूस ईनिडला कित्येक महिन्यांत भेटलं नव्हतं. "ईनिड पास्को," ती हसून म्हणाली.

"राग नका मानू, माझं तोंड जरा तिखट आहे. पण तुम्ही तुमच्या कॅप्टनचं ऐकत का नाही हो?"

"ऐकते की! तिच्याच शब्दावर तर खेळते."

"मग आजचे सगळे गोळे एकाच जागी कसे? दरवेळी तीन मीटर कमी, दरवेळी डावीकडे. हात तर तुमचा घड्याळासारखा आहे. जरा जोर वाढवा, जरा उजवीकडून सोडा, की झालं."

ईनिडला आधी वाटलं, या बाईला दुसऱ्याच कोणाशी बोलायचं आहे. "डॉरी म्हणते वीतभर राहतो."

"तेच तर! मी तिच्या शेजारीच उभी असते ना. गोळा असतो कुठल्या कुठे आणि ही ओरडते, छान, वीतभर! मला वाटलं तुमच्या क्लबात एकमेकींची थट्टा करायची पद्धत आहे. आमच्याकडे असं केलं तर मारामारी होईल." वॅलचा आवाज जरा खाली आला. "तुम्हाला दिसत नाही का जॅक?"

"मधलं दिसत नाही."

"अरे देवा. मग तर खरं सांगायलाच हवं. नाहीतर माणूस सुधारणार कसं?"

ईनिडने कपबशी टेबलावर ठेवली. तिला राग आला नाही, अजून नाही. तिला एवढंच वाटलं की हे खोटं असू दे. ही परगावची आगाऊ बाई आहे, हिला हेवा वाटतोय, काहीही असू दे, पण डॉरीचं खरं असू दे.

घंटा झाली आणि सगळे पुन्हा हिरवळीवर गेले. डॉरी आणि वॅल तिकडच्या टोकाला. टिकेराच्या बाईचा पहिला गोळा झाला. मग ईनिड चटईवर आली. तिने गोळा हातात फिरवला. कोणती बाजू झुकती आहे ते वरच्या खुणेवरून बोटांना कळतं. नवख्याचा गोळा कधीकधी उलटा सुटतो आणि भलतीकडे वळून शेजारच्या पट्टीवर चाललेल्या दुसऱ्या खेळात घुसतो. त्याहून मोठी नामुष्की या खेळात नाही, जुन्या माणसाला तर वर्षभर टोमणे खावे लागतात. ईनिडने आयुष्यात कधी गोळा उलटा टाकला नव्हता.

तिने तो मुद्दाम उलटा धरला आणि सोडला.

गोळा गेला. उजवीकडून "अरे, अरे, पाय काढ!" असं कोणीतरी म्हणालं, गोळा शेजारच्यांच्या खेळात शिरला होता. कोणीतरी तो बुटाने अडवला तेही तिला ऐकू आलं. तिने वाट पाहिली. तिने मनातल्या मनात अक्षरशः विनवलं, डॉरी, हस. शिवी दे. काहीही म्हण.

"छान टाकलास, ईनिड!" डॉरी ओरडली. "अगदी थोडा लांब, बस!"

आणि टाळ्या पडल्या. मागे उभी असलेली त्यांच्या संघातली बेव्ह टाळ्या वाजवत होती, शेजारचेही वाजवत होते, ज्याने तो गोळा बुटाने अडवला तोही बहुधा वाजवत होता.

"डॉरी," ईनिड मोठ्याने म्हणाली, "मी तो उलटा टाकला होता."

डॉरीची पावलं लगबगीने जवळ येताना ऐकू आली. ती धापा टाकत होती. "इथे नको गं. सगळे बघतायत."

"बघू देत. मला कुठे दिसतायत?"

"ईनिड, अगं..."

"कधीपासून?"

डॉरीने तिचा दंड धरला. ईनिडने तो सोडवून घेतला. "पहिल्या बुधवारी मी खरं सांगितलं होतं," डॉरी हळू आवाजात म्हणाली. "पाच मीटर लांब म्हणाले, आणि तुझा चेहरा एवढासा झाला. गाडीत घरी जाईपर्यंत तू तोंड उघडलं नाहीस. मला वाटलं, संपलं, ही काही परत यायची नाही."

"म्हणून खोटं बोललीस?"

"तू आली नाहीस तर बुधवारी मी कुठे जाऊ गं? मला तरी कोण आहे?"

ते खरं होतं, आणि ईनिडला ते ठाऊक होतं. मग तिने विचारलं, "आणि थोडक्यात हरतो म्हणायचीस ते?"

डॉरीने पुन्हा तिचा दंड धरू पाहिला.

"आणि हे सगळे? यांना माहीत आहे?"

"कमिटीत नुसतं बोलणं झालं होतं. सगळे तुझ्या भल्यासाठीच... आपल्या वयात जिंकायचं कोणाला आहे, ईनिड? चार घटका मजेत जाव्यात..."

"मला वाटत होतं मला जमतंय," ईनिड म्हणाली. तिचा आवाज फुटला आणि तिला त्याची लाजही वाटली नाही. "दोन वर्षं. दर रविवारी ग्रँटला सांगते, मला जमतंय. तू एकदा म्हणाली असतीस ना, डावीकडे जातोय, तर मी उजवीकडून टाकला असता. एवढंच होतं गं. एवढंच. ते न सांगून तुम्ही मला आंधळं केलंत, डोळ्यांनी नव्हतं केलं इतकं."

डॉरी रडत होती. ईनिडला ते दिसलं नाही, पण चाळीस वर्षं ऐकलेलं नाक ओढणं कानाला कळतं.

"जा परत तिकडे," ईनिड म्हणाली. "आणि खरं सांग."

"वाईट असलं तर?"

"तर वाईट सांग."

डॉरी परत गेली. टिकेराच्या बाईने आपला गोळा टाकला, तोही घाईघाईने, दुसऱ्याच्या घरच्या भांडणात सापडल्यासारखा. मग ईनिडने दुसरा टाकला, तसाच, नेहमीच्या हाताने.

"तीन मीटर कमी," डॉरी म्हणाली. "आणि डावीकडे."

"डावीकडे किती?"

"दीड मीटर."

टाळ्या पडल्या नाहीत. दोन वर्षांचे सगळे बुधवार त्या दोन आकड्यांत बुडाले. पण हाताला त्याचं दुःख नव्हतं. हाताला काय करायचं ते लगेच समजलं. टिकेराच्या बाईचा झाल्यावर तिने तिसरा गोळा घेतला, पाय जरा उजवीकडे वळवला, हात मागे थोडा जास्त नेला आणि सोडला. एका दुरुस्तीत गोळा जॅकपर्यंत पोचत नाही हे तिलाही ठाऊक होतं. त्यात नशीब लागतंच, आणि ते तिच्या वाट्याला त्या क्षणी आलं.

"ईनिड!" डॉरी किंचाळली. "लागला! जॅकला चिकटला! अगं, चिकटलाय!"

टाळ्या. आरडाओरडा. बेव्ह तर नाचतच असावी.

ईनिड चटईवर उभी राहिली. किंचाळणं नेहमीचं होतं, टाळ्या नेहमीच्या होत्या. तिने त्यात काही वेगळं सापडतं का ते कान देऊन ऐकलं. सापडलं नाही. मग ती चालायला लागली.

"ईनिड, तू इथेच थांबायचं असतं," बेव्ह मागून म्हणाली. ती थांबली नाही. ती सरळ त्या टोकाला गेली, माणसं बाजूला झाली, आणि तिने एक गुडघा टेकला, मग दुसरा. तिने हात पुढे केला. थंड, जड गोळा बोटांना लागला. खूण चाचपून तो आपलाच असल्याची तिने खात्री केली. बोटं त्याच्या अंगावरून खाली सरकली आणि त्याला खेटून असलेल्या गुळगुळीत जॅकवर आली. मध्ये केसही मावला नसता.

खरं होतं.

तिचं बोट जरा जोरात टेकलं आणि जॅक हलला, घरंगळून पुढे गेला.

कोणीतरी "अरेरे" म्हणालं. खेळाडूचा हात लागून जॅक हलला तर काय करायचं ते समोरच्या कॅप्टनने ठरवायचं, असा नियम आहे. डॉरी घाईने म्हणाली, "वॅल, तिला दिसत नाही हो, तिचा काही..."

"जागा माझ्या लक्षात आहे," वॅल म्हणाली. "मी परत ठेवते."

"थांबा," ईनिड गुडघ्यांवरूनच म्हणाली. "हा हात माझा नसता, बेव्हचा असता, तर काय केलं असतं?"

वॅल म्हणाली, "रद्द म्हटलं असतं. गोळा चिकटलेला होता, आमचं नुकसान होतं. पुन्हा पहिल्यापासून खेळा म्हटलं असतं."

"मग तेच म्हणा."

"रद्द!" वॅल ओरडली. "पुन्हा पहिल्यापासून!"

दोन वर्षांतला ईनिडचा एकमेव खरा गोळा तिने स्वतःच मातीत घालवला होता, आणि आता कोणी टाळ्या वाजवत नव्हतं. आपले गोळे घेऊन ती एकटी चालत चटईपाशी परत आली. डॉरी तिच्याबरोबर दोन पावलं आली होती, मग थांबली.

टिकेराच्या बाईने टाकला. ईनिडने टाकला.

"दीड मीटर लांब," डॉरीचा आवाज आला. कोरडा, नीट, मोजून सांगितलेला. "उजवीकडे हातभर. अगदी हातभरच."

टिकेराच्या बाईचा दुसरा झाला. ईनिडने आपला दुसरा गोळा उचलला, खूण चाचपली, वाकली. मग पुन्हा सरळ झाली.

"वॅल," तिने हाक मारली, "डॉरीने सांगितलं ते बरोबर आहे का?"

"बरोबर आहे," वॅल म्हणाली.

ईनिडने मान हलवली आणि गोळा सोडला. तो थांबला, पण तिकडून डॉरीचा आवाज आला नाही. तिचा शब्द आता दुसऱ्या कोणाकडून तपासून घेतला जात होता. शेवटी आकडे वॅलनेच सांगितले.